फोटोत दिसलेले 'काका' आणि 51,000 रुपयांची शांती

शनिवार पेठेतील माझ्या मावशीकडून एका माणसाने 'घरात काकांचे अस्तित्व आहे' असे फोटोच्या आधारे पटवून शांतीसाठी 51,000 रुपये घेतले. अशीच माणसे आणखी कोणाच्या दारी येऊ शकतात, म्हणून तो फोटो कसा काढला गेला हे सविस्तर लिहीत आहे.

काकांना जाऊन वर्ष व्हायचे होते, मुलगा बंगळूरला, आणि जुन्या वाड्यात रात्री लाकूड वाजते तसे वाजत असे. ओळखीतून आलेल्या त्या माणसाने स्वतःचा कॅमेरा आणलाच नाही. "काकू, कॅमेरा तुमचा, कार्ड तुमचे, माझ्यावर नाही, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा," असे म्हणून त्याने मावसभावाचा घरात पडून असलेला डीएसएलआर मागून घेतला. ही चाल फार हुशारीची होती, कारण त्यानंतर कोणी शंका घेईना. मग त्याने खोलीत धूप घातला, ट्यूब बंद करून झिरोचा दिवा ठेवला, कॅमेरा ट्रायपॉडवर लावला आणि सर्वांना देवघरात जपाला बसवले. खोलीत तो आणि त्याचा पांढरा लेंगा-सदरा घातलेला मदतनीस एवढेच उरले.

फोटोत काकांच्या आरामखुर्चीशेजारी एक पांढरी, आरपार दिसणारी आकृती होती. काका घरात नेहमी लेंगा-सदराच घालत. मावशीने तो पाहून हात जोडले, यात नवल नाही.

मी मूळ फाइल संगणकावर उघडली. प्रत्येक डिजिटल फोटोबरोबर कॅमेरा आपल्या मांडणीची (सेटिंग्जची) नोंद ठेवतो. त्यात शटर (उजेड आत घेणारा पडदा) 8 सेकंद उघडे, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवला आहे ते) 400 आणि फ्लॅश बंद असे स्पष्ट लिहिलेले होते. ट्यूबच्या उजेडात घरातल्या फोटोला साधारण 1/60 सेकंद पुरतो. शटर 8 सेकंद उघडे असताना माणूस त्यांपैकी निम्मा वेळ उभा राहून बाजूला झाला, तर उरलेला वेळ त्याच जागी मागची भिंत नोंदली जाते आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींत मिसळतात. बाजूला होताना तो ज्या ज्या जागेवरून जातो, तेथे क्षणभरच असल्यामुळे त्याचा मागमूसही उरत नाही. फोटो मोठा करून पाहिल्यावर हे अधिक उघड झाले: आकृतीच्या पोटातून भिंतीवरच्या पांढऱ्या दिनदर्शिकेच्या चौकटी मोजता येत होत्या, पण जेथे मागे काळपट सागवानी दार होते तेथे तोच सदरा जवळजवळ भरीव दिसत होता, कारण अंधाऱ्या पार्श्वभूमीकडून त्या जागी फारसा उजेड आलाच नव्हता. चेहरा मात्र पुसट; मान हलती ठेवली की ओळख पटत नाही. भाच्याला पांढरा सदरा घालून त्याच खोलीत, त्याच मांडणीवर उभे केले, तेव्हा मावशीसमोरच दुसरे 'काका' तयार झाले.

दुसऱ्या फोटोत पांढरे ढग आणि हवेत तरंगणारी गोल चकत्यांसारखी वर्तुळे होती. तो फ्लॅश लावून काढलेला होता. ढग म्हणजे धूपाचा धूर, आणि वर्तुळे म्हणजे भिंगाच्या अगदी पुढ्यातले, फोकसबाहेरचे धूलिकण. फ्लॅश भिंगाला लागूनच असल्यामुळे त्यांच्यावरचा उजेड थेट परत येतो.

ही विद्या नवी नाही. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1856 मध्येच करमणुकीसाठी अशी 'भुते' काढण्याची कृती लिहून ठेवली होती. अमेरिकेत विल्यम मम्लर याने मृत आप्तांचे फोटो विकण्याचा धंदा थाटला आणि 1869 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर खटला झाला. पुराव्याअभावी तो सुटला, हे विशेष लक्षात ठेवावे.

पुरावा आपल्या हाती राहावा यासाठी कार्ड पुसू नये आणि मूळ फाइल जपावी. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ही नोंद निघून जाते, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा किंवा केबलने उतरवून घ्यावा. 'फोटो मोबाइलचा आहे' या सबबीलाही भुलू नये, कारण नाइट मोडमध्ये फोन काही सेकंदांतील अनेक चित्रे एकत्र करतो आणि हलणारा माणूस तेथेही विरळ उमटू शकतो. आणि कोणी घरात असे फोटो काढणारच असेल, तर शटर उघडे असताना घरातील एकाने तरी त्या खोलीत उभे राहावे.

महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे आणि तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे व लोकांना फसवणे हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. मावशी आधी 'चारचौघांत हसे होईल' म्हणून तयार नव्हती. भाच्याचा फोटो आणि तो फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर तिनेच अर्ज लिहिला, आणि दोन्हींच्या मूळ फाइली पेन ड्राइव्हवर घालून तो पोलीस ठाण्यात दिला आहे.