कापडी डायपर, चौदा महिन्यांनंतर: बाकी सगळं जमलं, इलॅस्टिक सोडून

वापराच्या अकराव्या महिन्यातली एक सकाळ. लेकीला उचलून घेतलं आणि माझी बाही ओली. डायपर काढून पाहिला तर आतलं पॅड निम्मं कोरडं होतं. शू पॅडपर्यंत पोचायच्या आधीच मांडीच्या बाजूने बाहेर पडली होती. काठ ताणून बघितला. ताणला गेला, पण परत आलाच नाही. जुन्या पायजम्याच्या नेफ्यासारखा नुसता लोंबत राहिला.

पॉकेट डायपर, टिचबटणांचे, लहान-मोठे करता येणारे. बाहेर पाणी न झिरपणारं कापड, आत मऊ अस्तर, आणि दोहोंमधल्या खिशात शू शोषणारं पॅड. घरात असे २० आहेत. त्यातले १२ नवे, मुलगी चार महिन्यांची असताना घेतलेले. उरलेले ८ ताईकडून आलेले, भाच्याने दोन वर्षं वापरून झालेले. कंपन्या दोन वेगळ्या, पण धुणं एकच: तेच मशीन, तीच पावडर, तीच दोरी, तेच ऊन. आणि त्या आठवड्यात एकेक तपासत गेलो तेव्हा १२ नव्यांपैकी ९ चं इलॅस्टिक गेलेलं निघालं, ताईच्या ८ पैकी एकाचंही नाही. हे वाक्य मी विक्रेत्याला चार वेळा लिहून पाठवलं. चारही वेळा ते कोणी वाचलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं उत्तर: तुम्ही गरम पाण्यात धुतले असणार. लेबलवर ६० अंश चालेल असं छापलंय. फोटो काढून पाठवला. दुसरं उत्तर: तुम्ही कडक उन्हात वाळवले असणार. त्यांच्याच पत्रकात लिहिलंय की डाग जायला उन्हात वाळवा. त्याचाही फोटो पाठवला. तिसरं उत्तर: वर्षाची हमी आहे ती टिचबटणांची आणि वॉटरप्रूफ थराची, इलॅस्टिक हा झिजणारा भाग आहे. बरं. टायरही झिजतो, पण टायर बदलता येतो. म्हणून विचारलं, बदली इलॅस्टिक तरी देता का? नाही. नवीन डायपरवर सवलत देऊ म्हणाले.

ती सवलत वाचली आणि ठरवलं, आता बघतोच आत काय आहे ते.

ब्लेडने एक डायपर उसवला. मग ताईकडचा, सर्वांत जुना, तोही उसवला. तिला अजून सांगितलेलं नाही. आत जे दिसलं त्यासाठीच खरं म्हणजे हा एवढा लेख. ताईच्या डायपरात इलॅस्टिक कापडाच्या नेफ्यात मोकळं आहे, फक्त दोन्ही टोकांना घट्ट टीप घातलेली. नव्यांमध्ये नेफाच नाही. इलॅस्टिक ताणून धरायचं आणि कापडासकट त्याच्यावरूनच या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी टीप मारायची, असं काम. म्हणजे पहिल्याच दिवसापासून त्या पट्टीला सुईने जागोजाग भोकं पडलेली. त्यावर गरम पाणी, त्यावर ताण, रोज. कारखान्यात एक पायरी वाचली असेल. माझ्याकडे ती अकराव्या महिन्यात वसूल झाली.

तेव्हा नवा डायपर हातात घेतलात तर बटणं, रंग, हत्ती-जिराफाची चित्रं नंतर बघा. आधी मांडीचा काठ चिमटीत धरा आणि कापड मागेपुढे सरकवा. आतली पट्टी कापडाच्या आत सुटी फिरत असेल तर ठीक. कापडाला चिकटल्यासारखी जागची हलत नसेल तर ठेवून द्या. सुटी पट्टी उद्या गेली तरी सेफ्टी पिन लावून नाडी ओवावी तशी नवी ओवता येते, दहा मिनिटांचं काम. टीप मारलेली असेल तर आख्खा काठ उसवा, नेफा करा, मग ओवा. मला एकेका डायपराला एक संध्याकाळ लागली, आणि शिवणयंत्र आमच्याकडे आहे म्हणून लागली. नसतं तर हा लेख फार वेगळ्या भाषेत लिहिला असता.

पहिला दुरुस्त केलेला डायपर तरीही गळला. काठ छान घट्ट, पॅड जागेवर, आणि टाक्यांच्या रेषेत बारीक ओल. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं: मी घरातला सुती दोरा वापरला होता. सुती दोरा वातीसारखा पाणी ओढतो, आतली ओल टाक्याटाक्यातून बाहेर येते. पुन्हा उसवून पॉलिएस्टर दोऱ्याने शिवला. थांबलं. बाहेरचं कापड म्हणजे पॉलिएस्टरला आतून पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, ज्याला पीयूएल म्हणतात. त्याला पाडलेलं भोक बुजत नाही. म्हणून टीप जमेल तितकी काठाकाठाने, जुन्याच भोकांच्या जवळून. मधल्या भागात सुई लावायची नाही, टाचणीसुद्धा नाही.

आता माझी चूक, कारण ती लपवली तर विक्रेत्यावरचा राग फुकट जाईल.

पाचव्या महिन्यात वास सुरू झाला. रात्रभर बंद खोलीत राहिलेला, डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास. सोबत लेकीला लाल पुरळ. तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की मायक्रोफायबरची, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्याची, पॅडं टाकाऊ असतात, हेम्पची, म्हणजे तागासारख्या झाडाच्या धाग्याची, घ्या. स्वतः घेतलीसुद्धा. महिन्याभरात हेम्पलाही तोच वास. ताज्या शूला असा वास नसतो. तिच्यातल्या युरियाचा अमोनिया जिवाणू करतात, आणि डायपर घातल्यावर लगेच वास येऊ लागला तर समजायचं की मागच्या धुण्यातले जिवाणू पॅडात तसेच मुक्कामाला आहेत. का राहिले? तर ‘जास्त पावडरने कापडावर थर बसतो, अर्धा चमचा पुरे’ हा सल्ला मला फार म्हणजे फारच आवडला होता. पावडर वाचत होती ना! त्यात आमचं पाणी जड. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या पाण्यात बरीचशी पावडर त्या क्षारांशीच खर्ची पडते, मग अर्ध्या चमच्यातली मळासाठी उरणार किती?

आता शी-शूचे डायपर आधी थोड्या पावडरीत लहान फेरी, मग दुसरी फेरी ६० अंशांवर, पूर्ण मापाची पावडर आणि जोडीला धुण्याचा सोडा. शिवाय मशीन पाऊण भरलंच पाहिजे. चार डायपर भरपूर पाण्यात नुसते पोहत राहतात, एकमेकांवर घासत नाहीत, मग मळ निघणार कसा? आम्ही पोरांचे मोजे, बनियनं, हातपुसणी त्यातच टाकतो. दोन आठवड्यांत वास गेला, पुरळही गेलं. मायक्रोफायबरबद्दल जे बोललो त्यातलं निम्मं मागे घेतो. निम्मंच. कारण ते स्पंजसारखं आहे: झटकन पितं आणि दाबलं की झटकन ओकतं. मूल पट्टा बांधून गाडीत बसलं की गळती ठरलेली. शिवाय ते थेट त्वचेला लावायचं नाही, त्वचेतलीही ओल ओढतं. खिशात अस्तराखाली मायक्रोफायबर, त्याखाली हेम्प किंवा सुती, अशी जोडी बरी. हेम्प सावकाश पितं पण जास्त धरून ठेवतं. फक्त नवीन पॅडं पाचसहा वेळा धुतल्याशिवाय पूर्ण क्षमतेने पीत नाहीत, धाग्यातला मूळचा तेलकटपणा जावा लागतो. पहिल्याच दिवशी ‘गळतं’ म्हणून परत पाठवू नका. कपडे मऊ करायचं द्रव्य अजिबात नको, त्याचा थर बसला की पॅड पाणी झिडकारतं. पुरळावरची जाड मलमंही तेच करतात. मध्ये एखादं जुनं फडकं घालावं.

आमचे एक स्नेही दर भेटीत ऐकवतात की कापडी आणि विकतचे डायपर पर्यावरणाला सारखेच, तसा अहवालच आहे. अहवाल आहे, खरा आहे. इंग्लंड-वेल्सच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा, २००८ चा. अडीच वर्षांच्या वापरात फेकायच्या डायपरांचं कर्ब उत्सर्जन सुमारे ५५० किलो, कापडींचं सरासरी ५७० किलो. स्नेही इथेच वाचायचे थांबतात. पुढे लिहिलंय की कापडी डायपर सगळे ड्रायरमध्ये वाळवले तर परिणाम ४३ टक्क्यांनी वाढतो, आणि मशीन भरून धुतलं, दोरीवर वाळवलं, दुसऱ्या बाळालाही तेच वापरले तर ४० टक्क्यांनी, म्हणजे साधारण २०० किलोंनी, कमी होतो. २०२३ मध्ये ब्रिटनच्याच पर्यावरण खात्याने, डेफ्राने, नव्याने मांडलेल्या हिशोबात कापडी कर्ब उत्सर्जनात सुमारे २५ टक्क्यांनी सरस ठरले. म्हणजे डायपर विकत घेऊन काहीच ठरत नाही, रोजच्या धुण्यावाळवण्यात ठरतं.

आणि त्या तीन अटींतली तिसरी परत वाचा. दुसऱ्या बाळालाही तेच. अकरा महिन्यांत मान टाकणारं इलॅस्टिक एका बाळालासुद्धा पुरत नाही, दुसऱ्याचं काय घेऊन बसलात? खोक्यावर हिरवं पान छापायचं आणि आत नेफा द्यायचा नाही. माझा राग पैशाचा आहे हे कबूल, पण नुसता पैशाचा नाही.

इलॅस्टिक-पर्वात एक चांगली गोष्ट अशी घडली की ९ डायपर एकदम बाद झाल्यामुळे आई मदतीला आली. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती चादर काढली, मोठे चौकोन फाडले, कडा दुमडून शिवल्या आणि घडी घालून दाखवली. मी म्हणालो, “आई, हे चोवीस तास कोण दुमडत बसणार?” ती म्हणाली, “अरे, ह्याला इलॅस्टिकच नाही, तुटणार काय?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. वरून पाणी न झिरपणारं कव्हर लागतंच आणि कव्हरला इलॅस्टिक असतंच, हे मी तिला सांगितलं. पण कव्हर नुसतं ओलावलं असेल तर पुसून, वाळवून पुन्हा वापरता येतं, त्यामुळे थोडी पुरतात. ताईचे डायपर आत पॅड न भरता कव्हर म्हणून चालवले. चौकोनाचा खरा फायदा दोरीवर कळतो. हेम्पची चार पदरी पॅडं ढगाळ हवेत दीड दिवस ओलसर राहतात, हात लावला की गार. हा चौकोन उलगडला की एकच पदर, दुपारपर्यंत खडखडीत. मळही पदरांत अडकून राहत नाही, त्यामुळे धुणं सोपं. दिवसभर घरात आता हेच चालू आहे. दुमडायला मला वीस सेकंद लागतात, बायकोला दहा. थोरला चार वर्षांचा आहे, तो चिमटे द्यायला उभा राहतो आणि दर तिसरा चिमटा स्वतःच्या कानाला लावतो.

पुसण्यासाठी त्याच चादरीचे छोटे तुकडे आणि साधं पाणी. याबद्दल तक्रार शून्य, म्हणून लिहायलाही काही नाही. विकतच्या ओल्या वाइप्स प्रवासापुरत्या.

रात्रीचं खरं सांगतो. रात्री एक विकतचा डायपर लागतोच. हेम्पचं जाड दुहेरी पॅड, वर लोकरी कव्हर, सगळं करून पाहिलं. अकरा तास झोपणाऱ्या आणि पोटावर वळणाऱ्या मुलीपुढे काही टिकलं नाही. फेकायच्या डायपरात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे दाणे असतात. ते शू शोषून जेलीसारखे होतात आणि दाबलं तरी सोडत नाहीत. सुती कापडाने ते कसं करावं? जुलाब झाले तेव्हाचे चार दिवसही विकतचेच वापरले, आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही. दिवसाला सहाऐवजी एक फेकतो, तेवढ्यावर आमची झोप वाचते.

टिचबटणांबद्दल दोन ओळी, कारण सगळे विचारतात: चौदा महिन्यांत एकही गेलेलं नाही, दोन्ही कंपन्यांची. वेलक्रो असलेला एक डायपर भेट आला होता. धुताना तो मोज्यांना चिकटतो आणि लेकीला दीड वर्षाची होता होता तो फर्रकन उघडण्यात भलतीच मजा वाटू लागली. बाद.

धाकट्या भावाकडे पुढच्या दोन महिन्यांत बाळ येणार आहे. लेक बहुतेक तोवर दिवसा डायपरातून सुटेल, म्हणून खोकं भरायला घेतलंय. ताईचे आठही त्यात जातील. म्हणजे ते आता तिसऱ्या बाळाला, आणि मी उसवलेला त्यांतला एक परत शिवून, ताईच्या नकळत. नव्यांतले ५ दुरुस्त झाले, ३ मुळातच ठीक होते. खोक्यात पॉलिएस्टर दोऱ्याचं एक रीळ, सहा मिलिमीटरच्या इलॅस्टिकची गुंडाळी आणि दोन सेफ्टी पिनाही टाकल्या आहेत. भावजयीने विचारलं, “दादा, हे कशाला?” म्हटलं, अकराव्या महिन्यात कळेल.

उरलेले ४ अजून उसवायचे आहेत.