आयफोन, नेहमीचा ॲन्ड्रॉइड की ग्राफीनओएस टाकलेला पिक्सेल: प्रायव्हसी बघून फोन घ्यायचाय तर

"प्रायव्हसीसाठी कुठला फोन घेऊ?" असं कुणी विचारलं की दोन ठरलेली उत्तरं येतात. एक म्हणजे डोळे झाकून आयफोन घे, आणि दुसरं म्हणजे काय फरक पडतो, सगळेच डेटा खातात. दोन्ही उत्तरं आळसातून येतात. मला गॅजेट्सचं वेड आहे, नवीन फोन आला की चिपपासून चार्जरपर्यंत सगळं वाचून काढल्याशिवाय चैन पडत नाही, पण कंपनीवाल्यांनी स्टेजवर प्रायव्हसीचं नाव काढलं की मी आधी खिसा चाचपून बघतो. तर हे त्या नजरेने लिहिलंय.

मी फोनला एकच प्रश्न विचारतो: इथे 'नाही' कोण म्हणू शकतं? मला एखादं ॲप नकोय, परमिशन द्यायची नाहीये, तर माझं चालतं का? आणि मला काहीतरी हवंय तर मला अडवणारं कोण? बाकी कॅमेरा, बॅटरी वगैरे यूट्यूबवर बघा.

डेटा जातो कुठे

सुरुवात नेहमीच्या ॲन्ड्रॉइडपासून, कारण आपल्याकडे शंभरातल्या नव्वदहून जास्त लोकांच्या हातात तोच आहे. त्यातही पंधरा-वीस हजाराचा फोन घ्या. डबा उघडून सिम टाकलं की आधीच भरलेली पाच-पंचवीस ॲप समोर, त्यातली निम्मी अनइन्स्टॉल होत नाहीत, फक्त डिसेबल होतात. लॉकस्क्रीनवर ग्लान्स, म्हणजे फोन उघडायच्या आधीच बातम्या आणि खरेदीचे फोटो. कंपनीचं वेगळं ॲप स्टोअर, वेगळा ब्राउझर, आणि थीम्सचं ॲप सकाळी सकाळी नोटिफिकेशन टाकणार. २०२३ मध्ये रिअलमीच्या फोनमध्ये 'एनहान्स्ड इंटेलिजंट सर्व्हिसेस' नावाचं सेटिंग आधीच चालू असल्याचं लोकांनी ट्विटरवर दाखवलं होतं, तेव्हाचे आयटी राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी तपासायला लावतो म्हणून सांगितलं. ते सेटिंग एका माणसाने मेनूत खोल जाऊन शोधलं म्हणून कळलं, नाहीतर कोण जातंय तिथे.

आणि ह्या सगळ्याच्या खाली गूगल. २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेसने दाखवून दिलं की लोकेशन हिस्ट्री बंद केली तरी गूगलच्या दुसऱ्या सेटिंगमधून तुमचं ठिकाण साठत राहतं, पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांबरोबर ३९.१५ कोटी डॉलर देऊन त्यांनी ते प्रकरण मिटवलं. म्हणजे 'नाही' म्हणायचं बटण होतं, फक्त ते बटण खरं नव्हतं.

आयफोन इथे नक्कीच बरा. २०२१ पासून प्रत्येक ॲपला दुसऱ्या ॲप्समध्ये तुमचा माग काढायचा असेल तर आधी विचारावं लागतं, आणि हे विचारणं फेसबुकला इतकं झोंबलं की त्यांनी पेपरात पानभर जाहिराती दिल्या. पण ॲपलला देव करू नका. सफारीत सर्च गूगलचं असावं म्हणून गूगलने एकट्या २०२२ मध्ये ॲपलला सुमारे २,००० कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या कोर्टात बाहेर आलं. शिवाय आयक्लाउड बॅकअपची किल्ली बाय डीफॉल्ट ॲपलकडेही असते. ती फक्त तुमच्याकडे हवी असेल तर ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन स्वतः चालू करावं लागतं, आणि आयफोनवाल्या दहा मित्रांना विचाराल तर ते चालू केलेला एखादाच निघेल, बाकीच्यांनी नावही ऐकलेलं नसतं. घेतलाच आयफोन तर पहिल्या दिवशी हे करा, आणि रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरलात तर डेटा परत मिळवायची किल्ली, वहीत लिहून कपाटात ठेवा.

ग्राफीनओएस म्हणजे गूगलच्याच पिक्सेल फोनवर टाकायचं दुसरं ॲन्ड्रॉइड. हो, गूगलपासून लांब जायला गूगलचाच फोन घ्यायचा, ह्यावर मनसोक्त हसून घ्या, कारण आहे ते पुढे सांगतो. ह्यात सुरुवातीला गूगलचं काहीच नसतं. प्ले स्टोअर हवं असेल तर टाकता येतं, पण ते बाकीच्या ॲपसारखं साधं ॲप म्हणून राहतं, सगळ्या घराच्या किल्ल्या त्याच्याकडे नसतात. प्रत्येक ॲपचं इंटरनेट वेगळं बंद करता येतं. कॅल्क्युलेटरला नेट कशाला, कीबोर्डला कशाला? बंद. मला सगळ्यात आवडतं ते काँटॅक्ट स्कोप्स. ॲप म्हणतं काँटॅक्ट्स दे नाहीतर चालणार नाही, तुम्ही म्हणता घे, आणि त्याला रिकामी यादी मिळते. त्याला वाटतं मिळालं सगळं! इन्स्टंट लोनच्या ॲपनी लोकांचे काँटॅक्ट्स उचलून सासरपासून साहेबापर्यंत सगळ्यांना फोन करून छळलं, आणि गूगलने पर्सनल लोनच्या ॲपना काँटॅक्ट्स आणि फोटो मागायला बंदी घातली ती २०२३ च्या मे अखेरीस. तोवर किती घरांची अब्रू गेली असेल ते सोडा. ही एक सोय प्रत्येक फोनमध्ये असायला हवी होती.

आता "मी साधा बटणाचा फोनच घेतो" म्हणणारे. आवडतो मला हा विचार, पण प्रायव्हसीच्या नावाखाली नको. बटणाच्या फोनवर कॉल आणि एसएमएस सोडून काही नाही आणि दोन्हींना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नाही, म्हणजे बोलणारे दोघं सोडून मध्ये कोणालाच कळू नये असं कुलूप नाही. कोणी कोणाला कधी किती वेळ फोन केला ह्याच्या नोंदी टेलिकॉम कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात, २०२१ च्या डिसेंबरपासूनचा नियम आहे, आधी एक वर्ष होतं. जाहिरातवाले सुटले, पण बाकी सगळं उघडं. डोकं शांत ठेवायला घ्या, जरूर घ्या. यूपीआय १२३पे मधून त्यावर पैसेही पाठवता येतात, एका वेळी १०,००० पर्यंत.

ॲप टाकायचं स्वातंत्र्य

इथे आयफोन मार खातो आणि सपशेल खातो. ॲपलच्या दुकानात नसेल ते ॲप तुमच्या फोनमध्ये नाही, विषय संपला. युरोपात कायद्याने हात पिरगळला म्हणून २०२४ पासून तिथे दुसरी स्टोअर चालतात, आपल्याकडे नाही. आणि एकच दरवाजा असला की तो बंद करायला एकच फोनकॉल पुरतो: २०२४ च्या एप्रिलमध्ये चीन सरकारने सांगितलं आणि व्हॉट्सॲप, सिग्नल, टेलिग्राम तिथल्या ॲप स्टोअरमधून गायब. आपल्याकडे काय होणार असं म्हणणाऱ्यांनी आठवावं की २०२३ च्या मे महिन्यात केंद्राने ब्रायर, थ्रीमा, एलिमेंट धरून १४ मेसेजिंग ॲप ब्लॉक केली होती. कारण काश्मीरमधल्या अतिरेक्यांचं दिलं होतं, ते खरं असेलही, पण एलिमेंट वापरणारा नाशिकचा प्रोग्रॅमरही त्याच रांगेत बसला ना.

ॲन्ड्रॉइडवर निदान एपीके, म्हणजे ॲपची फाइल, थेट उतरवून टाकता येते, मुक्त ॲपचं एफड्रॉइड स्टोअर आहे, गूगल खात्याशिवाय यूट्यूब दाखवणारं न्यूपाइप आहे. पण ह्यालाही आता कुंपण पडतंय. गूगलने २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं की पुढे प्ले स्टोअरच्या बाहेरची ॲपसुद्धा, बनवणाऱ्याने गूगलकडे ओळख पटवली असेल तरच सर्टिफाइड, म्हणजे गूगलने मान्य केलेल्या फोनवर बसतील. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये म्हणाले की जाणकारांसाठी आडवाट ठेवू. ठेवतीलही, पण चार इशारे आणि सात स्क्रीन पार करून जावं लागणार असेल तर आपल्यातला किती जण जाणार. ग्राफीनओएस ह्या सर्टिफाइड भानगडीतच नाही, त्यामुळे तिथे हे कुंपण लागू होत नाही.

बँक, यूपीआय आणि खरी डोकेदुखी

वरचं वाचून कुणी लगेच पिक्सेल कार्टमध्ये टाकला असेल तर थांबा. ग्राफीनओएसवर फोन चालू होताना पिवळ्या खुणेची सूचना येते की ह्या फोनवर वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. फोन बिघडलेला नसतो, पण घरातलं कुणी बघितलं की "व्हायरस आलाय का रे ह्यात?" हे ठरलेलं. ते चालतं. पण बँकेचं ॲपही तेच विचारतं आणि त्याला समजावता येत नाही. बरीच ॲप गूगलच्या प्ले इंटेग्रिटीला विचारतात की हा फोन गूगलला मान्य आहे का, आणि कडक तपासणीत ग्राफीनओएसला उत्तर मिळतं 'नाही'. मग स्क्रीनवर येतं, युअर डिव्हाइस इज रूटेड, म्हणजे फोनची आतली कुलपं तोडलीत. अरे नाहीये बाबा रूटेड, उलट तुझ्या साध्या ॲन्ड्रॉइडपेक्षा जास्त कुलूपबंद आहे! तीन वर्षांपूर्वीचे सिक्युरिटी पॅच असलेला, बॅटरी फुगलेला कुठलाही फोन ह्या ॲपला चालतो आणि हा चालत नाही, ह्याला सुरक्षा म्हणायचं. माझ्या एका बँकेचं ॲप व्यवस्थित चालायचं, एका अपडेटनंतर लॉगिनच होईना. हेल्पलाइनवरच्या ताईंनी शांतपणे सांगितलं, सर, फोन बदलून बघा.

सगळी ॲप बंद पडतात असं अजिबात नाही, बरीच चालतात, पण आज चालतंय ते उद्या चालेलच ह्याची हमी कोणी देत नाही. तुमच्या बँकेचं आणि यूपीआयचं ॲप चालतं का हे घ्यायच्या आधी शोधा, ग्राफीनओएसवाल्यांनी देशवार याद्या केल्यात. आणि घरी एक जुना साधा फोन बँकेसाठी ठेवायची तयारी ठेवा. फक्त लक्षात घ्या, यूपीआय सेट करताना बँकेला रजिस्टर असलेलं सिम त्याच फोनमध्ये लागतं, त्यामुळे दोन फोन म्हणजे सिमचीही वाटणी. भाजीवाल्याकडे उभं राहून दुसरा फोन काढणं किती दिवस जमेल ते तुमचं तुम्ही बघा, मी कोपऱ्यावरच्या दुकानात रोख देतो आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

आयफोन आणि नेहमीचा ॲन्ड्रॉइड, दोन्हीकडे हा प्रश्नच नाही, सगळं सुरळीत. फक्त ॲन्ड्रॉइडवर डेव्हलपर ऑप्शन्स (प्रोग्रॅमरांसाठीचा लपवलेला मेनू) चालू असतील तर काही बँका तोंड फिरवतात.

फोन दुसऱ्याच्या हातात पडला तर

हे वाचून बरेच जण म्हणतील आपण कुठे काय लपवतोय. चोर लोकलमध्ये खिशातून काढतो तेव्हा तो हे विचारत नाही. फोन बरेच तास न उघडता पडला तर आपोआप रीस्टार्ट होणं फार महत्त्वाचं असतं, कारण रीस्टार्टनंतर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत आतला बहुतेक डेटा कुलूपबंद असतो. आयफोन आणि नवे ॲन्ड्रॉइड हे साधारण तीन दिवसांनी करतात, ग्राफीनओएस १८ तासांनी, आणि ते तुम्ही अजून कमी करू शकता. शिवाय डुरेस पिन: जबरदस्ती झाली तर वेगळा पिन द्यायचा, फोन स्वतःला पुसून टाकतो. फोन फोडायची उपकरणं विकणाऱ्या सेलेब्राइटचे कागद २०२४ मध्ये फुटले, त्यात लॉक केलेला अपडेटेड ग्राफीनओएस उघडता येत नसल्याची कबुली होती. आणि पिक्सेलच का, तर हे सगळं ज्यावर उभं आहे ती वेगळी सिक्युरिटी चिप, आणि दुसरी सिस्टिम टाकून बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा भाग) पुन्हा कुलूपबंद करायची सोय त्यात नीट मिळते. बाकी बहुतेक कंपन्या एकतर कुलूप उघडूच देत नाहीत, नाहीतर उघडल्यावर परत लावू देत नाहीत.

आयफोनचा लॉकडाउन मोड, म्हणजे हेरगिरीचे हल्ले टाळायला बऱ्याच सोयी बंद करणारं सेटिंग, पत्रकार, वकील, कार्यकर्ते ह्यांनी चालू करावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारपुरस्कृत हल्ल्याचा इशारा देणारे ॲपलचे मेसेज आपल्या विरोधी पक्षातल्या बऱ्याच नेत्यांना आले होते, त्यामुळे ही गोष्ट परदेशातली नाही.

आणि सरकार

२०२५ च्या नोव्हेंबर अखेरीस दूरसंचार खात्याने फोन कंपन्यांना आदेश दिला की संचार साथी ॲप नव्या फोनमध्ये आधीच टाकून द्या. ॲप वाईट नाही, चोरीला गेलेला फोन ब्लॉक करायला मी लोकांना स्वतः त्याची वेबसाइट सांगतो. पण सोय वेगळी आणि सक्ती वेगळी. गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला आदेश मागे घेतला. ह्यातून फोन घेणाऱ्याने बघायचं एवढंच, की आदेश पोचतो तो कंपनीकडे. ॲपलसारखी मोठी कंपनी कधी अडते, कधी नमते: ब्रिटनमध्ये सरकारने एन्क्रिप्टेड डेटात शिरायला वाट मागितली तर २०२५ च्या फेब्रुवारीत ॲपलने तिथल्या लोकांसाठी ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शनच काढून घेतलं. स्वस्त ॲन्ड्रॉइडवाली कंपनी अडायचा विचारही करेल असं मला वाटत नाही. ग्राफीनओएसमध्ये दुकानात विकताना जे काही भरलंय ते तुम्ही स्वतःच पुसून टाकलेलं असतं.

मग घ्यायचा कुठला

आईबाबांना, किंवा सेटिंगमध्ये जायचा कंटाळा असणाऱ्या कोणालाही, बजेट असेल तर आयफोन. ॲपलच्या मर्जीने जगावं लागतं, पण निदान लॉकस्क्रीनवर कोणी दुकान मांडत नाही.

बजेट नसेल तर आहे तो ॲन्ड्रॉइड अर्धा तास बसून साफ करा, नवीन घेऊच नका. प्रायव्हसीमध्ये जाऊन ॲडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातवाले तुमचा फोन ज्यावरून ओळखतात तो नंबर) डिलीट करा, नेटवर्कच्या सेटिंगमधल्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये जाहिराती अडवणाऱ्या ॲडगार्डचा पत्ता टाका म्हणजे बऱ्याच जाहिराती आणि ट्रॅकर तिथेच अडतात, ग्लान्स बंद करा, परमिशन मॅनेजर उघडून मायक्रोफोन आणि काँटॅक्ट्सच्या यादीवरून एकदा नजर फिरवा. तिथे कोण कोण बसलंय ते बघून दचकाल. माझ्या मते दहातल्या सात जणांचं काम ह्यावरच भागतं.

ग्राफीनओएस त्यांच्यासाठी, ज्यांना बिघडलेलं ॲप बघून चिडायच्या आधी उत्सुकता वाटते, आणि ज्यांच्याकडे बँकेसाठी दुसरी सोय आहे. टाकणं अवघड नाही, ब्राउझरमधून केबल लावून होतं. पिक्सेल ८ किंवा त्यापुढचाच घ्या, सात वर्षं अपडेट मिळतात आणि हार्डवेअरमध्येच मेमरी टॅगिंग आहे, म्हणजे मेमरीतल्या चुकांमधून शिरणारे हल्ले पकडायची सोय. स्वस्तात मिळतोय म्हणून ६ए च्या मागे लागू नका, २०२५ मध्ये गूगलने सक्तीचं अपडेट पाठवून त्यातल्या काही फोनच्या बॅटरीची क्षमता ४०० चार्जनंतर कमी करून टाकली.

अमेरिकेतला मावसभाऊ येताना आणतो म्हणाला तर त्याला आधीच सांगा, व्हेरायझनचा नको, त्याचा बूटलोडर उघडत नाही. आणि मुंबईत मनीष मार्केट किंवा लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी वायफाय लावा, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंगचं, म्हणजे बूटलोडर उघडायला परवानगी देणारं बटण सरकतंय का बघा. नेट नसताना ते कधीकधी राखाडी दिसतं, म्हणून वायफाय आधी. नेट लावूनही राखाडीच राहिलं तर फोन परत द्या आणि पुढच्या दुकानात जा.