हिमबिबट्याच्या टूरवर १,४२,६०० रुपयांची टोपी

बुकिंगचे ७४,०००. दुसरा हप्ता ५०,०००. मग 'परमिट आणि हाय अल्टिट्यूड इन्शुरन्स'चे १८,६००. एकूण १,४२,६०० रुपये. विमानाचं तिकीट माझं मीच काढलं होतं, ते २३,८४० वेगळेच. चारचौघांत सांगायला लाज वाटते, पण मी गप्प बसलो तर हा टूरवाला पुढच्यांना असाच लुटत राहील.

जाहिरात लडाखच्या हेमिस नॅशनल पार्कमधल्या फोटो टूरची होती. फेब्रुवारी महिना, फक्त सहा फोटोग्राफर, रुंबक गावात होमस्टे, सोबत प्राणी शोधून दाखवणारे दोन स्थानिक स्पॉटर. दर १,४८,०००. स्वस्ताला भुललात, असं कृपा करून कोणी म्हणू नका. अशा टूरला दीडेक लाख लागतातच. शिवाय उरलेले २४,००० लेहला पोचल्यावर द्या, हे तो स्वतःहून म्हणाला. तिथेच तर विश्वास बसला. आधार कार्ड मागितलं तेव्हाही खटकलं नाही, कारण ताडोबाचं सफारी बुकिंग करतानाही ओळखपत्राचा नंबर भरावा लागतो.

पण त्या फोटोचं काय करू? 'गेल्या वर्षी आपल्या ग्रुपला मिळालेला शॉट' म्हणून त्याने एक हिमबिबट्या पाठवला होता. मी तो झूम करून करून पाहिला. मिशांचा शार्पनेस पाहिला, नॉइज पाहिला, वर शहाणपणाने लेन्स कुठली आणि आयएसओ किती हेही विचारलं. आणि बिबट्याच्या मागे काय होतं? बर्फाने लगडलेली पाइनची झाडं! अहो, रुंबकचं खोरं म्हणजे उघडेबोडके डोंगर. गावाजवळ ओढ्याकाठी थोडे विलो आणि पॉपलर, संपलं. एवढं दाट पाइनचं जंगल तिथे उगवणार कुठून? कुठल्यातरी थंड देशातल्या प्राणिसंग्रहालयातला फोटो असणार तो. बॅकग्राउंड बघा, बॅकग्राउंड बघा, असं नवशिक्यांना बजावणारा मी! बायको आजही जेवताना मध्येच 'पाइन' एवढंच म्हणते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही सहा जण. त्यातले दोघे भलतेच उत्साही. हप्त्याची तारीख आली की 'पेमेंट डन सर' म्हणून सगळ्यांत आधी त्यांचाच स्क्रीनशॉट. ते पाहून बाकीच्यांनाही घाई. लेह विमानतळावर मात्र आम्ही चौघेच उतरलो. ते दोघे त्याचीच माणसं होती, हे कळेपर्यंत वेळ निघून गेली होती.

गाडी आली, हॉटेलही मिळालं. उंचीची सवय व्हायला दोन दिवस आराम करा, हे सगळे खरे टूरवालेही सांगतात, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही चौघे बॅगा, ट्रायपॉड घेऊन बुखारीभोवती, म्हणजे तिथल्या शेगडीभोवती, बसलो. आठ वाजले, नऊ वाजले. त्याचा फोन बंद. माझं प्रीपेड सिम तर लेहला उतरल्यापासूनच मेलेलं, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. म्हणूनच तो 'तिकडे नेटवर्क नसतं, सगळं आधीच क्लिअर करू' म्हणत होता! हॉटेलवाल्याने वही दाखवली : एका रात्रीचे पैसे जमा, बाकी तुमच्याकडून. एकाच्या पोस्टपेडवरून ओळखीओळखीने रुंबकच्या होमस्टेचा नंबर मिळवला. तिथल्या बाईंना या नावाचा माणूसच माहीत नव्हता.

पुढची फसवणूक सरकारी. लेहला म्हणाले, पैसे तिकडून भरलेत, तिकडे तक्रार करा. इकडे आमच्या चौकीत म्हणाले, घटना लडाखची, हद्द आमची नाही. नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते, असं मी म्हटलं, तर 'वकील आहात का?' त्यानंतर 'हॉटेल मिळालं ना, मग फसवणूक कशी? हा व्यवहाराचा वाद, ग्राहक आयोगात जा.' भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ त्यांना मी माझ्या मोबाइलवर उघडून दाखवलं. साहेब जेवायला गेले. बँकेचं वेगळंच : ओटीपी तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार? ज्या खात्यात पैसे गेले ते टूर कंपनीचं नव्हतंच, कुणाचं तरी साधं बचत खातं होतं. ते उघडताना केवायसी केलं ना कोणीतरी? मग तो माणूस सापडत कसा नाही? तक्रार शेवटी नोंदवली, तीही ओळखीच्या नगरसेवकाने फोन केल्यावर.

तेव्हा, बचत खात्यात टूरचे पैसे भरू नका, कंपनीचं नाव आणि खात्याचं नाव एकच हवं. बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघा. आमच्या बिलावर होता, पण दुसऱ्याच धंद्याचा निघाला. होमस्टेला स्वतः फोन करा. १८,६०० चं परमिट लडाखमध्ये नसतं, तिथलं शुल्क काही शेकड्यांत भागतं. गेल्या वर्षी आलेल्या दोघांचे नंबर मागा आणि त्यांच्याशी व्हिडिओवर बोला. फसलात तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग रडा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं, तरच ते अडवता येतात.

परवा आमच्या चौघांपैकी एकाला नवी जाहिरात दिसली. या वेळी स्पिती, दर १,६२,०००, टूरचं नाव बदललेलं, खातं मात्र तेच, अजून चालू. कुणी बुकिंगची रक्कम भरली असेल, तर आजच बँक गाठा, आणि दुसरा हप्ता देऊ नका.