‘फास्ट फायरिंग किट’ घेणार असाल तर गिअरबॉक्स बंद करण्याआधी हे वाचा

स्वस्तातल्या इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट गनचा (प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या मारणारी खेळातली बंदूक) फायरिंगचा वेग वाढवून देतो असं सांगून ऑनलाइन किट विकणाऱ्या एकाने मला सरळसरळ फसवलं. मोटर, गिअर, पिस्टन आणि बॅटरी असा चार वस्तूंचा संच होता आणि चारपैकी एकही वस्तू सांगितली तशी नव्हती. पैसे गेले याचं वाईट वाटतंच, पण जास्त राग याचा येतो की हा माणूस मुद्दाम नवख्यांना गाठतो. ज्यांच्याकडे महागडी गन घ्यायला पैसे नाहीत, जे आहे त्याच गनमधून थोडा वेग काढू पाहतात, अशांसाठीच ही जाहिरात लिहिलेली असते. त्यात त्याने पाठवलेली बॅटरी आग लागण्याच्या लायकीची होती. म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

जाहिरातीतला दावा होता सेकंदाला 35 गोळ्यांचा. त्यासाठी निओडायमियम चुंबकाची मोटर, 13:1 चे हायस्पीड गिअर, सगळे दात स्टीलचे असलेला पिस्टन आणि 11.1 व्होल्ट, 1500 एमएएच, 30 सी ची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. सोबत ‘आधी’ आणि ‘नंतर’चा व्हिडिओ. किट आल्यावर मी तो व्हिडिओ पुन्हा नीट पाहिला. मागे भिंतीवर एक घड्याळ आहे. ‘नंतर’च्या भागात व्हिडिओचे 10 सेकंद सरतात तोवर त्या घड्याळाचा सेकंदकाटा 15 सेकंद पुढे गेलेला असतो. म्हणजे वेग गनचा वाढलेला नाही, चित्रफीतच दीडपट पळवलेली आहे.

फसवणूक कुठे झाली ते कळायला थोडं गणित लागतं, पण ते अगदी सोपं आहे. गिअरबॉक्समधला सेक्टर गिअर एक फेरा मारतो तेव्हा पिस्टन एकदा मागे ओढून सोडला जातो आणि एक गोळी सुटते. साध्या गनमध्ये त्या एका फेऱ्यासाठी मोटरला साधारण 18 फेरे मारावे लागतात, हायस्पीड गिअर असतील तर साधारण 13. म्हणून केवळ गिअर बदलले तरी वेग सुमारे 1.38 पट व्हायला हवा. मोटरचा वेग व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो. माझी आधीची निकेल बॅटरी 8.4 व्होल्टची होती, तिच्या जागी 11.1 व्होल्टची लावली की 1.32 पट. दोन्ही एकत्र धरले तर 1.8 पट. वर चांगल्या मोटरचा फायदा वेगळाच.

मूळ गन सेकंदाला 14 गोळ्या मारत होती. मोजायला काही महाग यंत्र लागत नाही. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा, फुकटच्या कुठल्याही ऑडिओ एडिटरमध्ये उघडायचा आणि एका सेकंदात किती टोकं येतात ती मोजायची. किट बसवल्यावर मोजलं तर 19 च्या आत. 14 ला 1.32 ने गुणलं की साडेअठरा येतात. वाढ जेवढी झाली ती सगळी व्होल्टेजची होती! गिअर आणि मोटर यांनी काडीचीही भर घातली नव्हती. ते खरे असते तर आकडा 25 च्या वर जायला हवा होता.

मग गिअरबॉक्स परत उघडला. सेक्टर गिअरवर मार्करने एक खूण केली, तो हाताने एक पूर्ण फेरा फिरवला आणि मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरचे, म्हणजे पिनियनचे, फेरे मोजले. अठराच भरले. साधे गिअर काळपट रंगाचा मुलामा देऊन पाठवले होते. ही तपासणी गिअर टेबलावर असताना, स्प्रिंग न घालता काही मिनिटांत होते. किट घेतलं असेल तर बसवायच्या आधी एवढं कराच.

मोटरवर चकचकीत निळं स्टिकर होतं. त्याची एक कड नखाने उचलली तर खाली दुसरं, जुनं, खरवडलेलं लेबल. मोटरच्या कवचाला बाजूने भोकं असतात, त्यातून टॉर्च मारला. आत जाड, राखाडी, खडूसारख्या पोताचे चुंबक दिसले. हे फेराइट, म्हणजे साधे स्वस्त चुंबक. निओडायमियमचे चुंबक पातळ असतात आणि बहुतेक वेळा निकेलच्या मुलाम्यामुळे चमकतात. शिवाय खरी निओडायमियम मोटर बोटांनी फिरवताना टप्प्याटप्प्याने अडल्यासारखी जाणवते, ही मात्र लोण्यातून फिरावी तशी फिरत होती.

पिस्टनची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण विक्रेत्याचं खोटं त्याच्याच तोंडून इथे बाहेर पडलं. ‘स्टीलचे’ दात म्हणजे प्लॅस्टिकवर चंदेरी रंग होता. नुसत्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तो निघाला. थोड्याच फायरिंगनंतर मधले दात साफ उडाले, सेक्टर गिअर नुसता फिरायला लागला. तक्रार केली तर म्हणे, ‘तुमच्या गनमध्ये प्री-एंगेजमेंट झाली, आमचा माल चांगलाच आहे.’ प्री-एंगेजमेंट म्हणजे काय, तर वेग इतका वाढतो की स्प्रिंग पिस्टनला पूर्ण पुढे ढकलायच्या आधीच सेक्टर गिअरचा पहिला दात फिरून येतो आणि पिस्टनला अर्ध्यातच धरतो. दात तुटतात ते त्यामुळे. हा धोका खरा आहे, मी नाकारत नाही. पण ठीकठाक मूळ स्प्रिंग असताना सेकंदाला 19 गोळ्यांवर तो सहसा येत नाही, वेग तिशीकडे सरकायला लागला की येतो. म्हणजे एकतर गन त्याने कबूल केलेल्या वेगाने चालत होती, किंवा दात कच्चे होते. मी त्याला रेकॉर्डिंग पाठवलं आणि विचारलं, यातलं कोणतं? त्यानंतर उत्तर आलं ते फक्त एका ओळीचं: गिअरबॉक्स उघडलेला असेल तर परतावा मिळत नाही.

सगळ्या धंद्याची मेख या एका ओळीत आहे. गिअर आणि पिस्टन गिअरबॉक्स न उघडता बसवताच येत नाहीत. बसवल्याशिवाय ग्राहकाला फरक कळत नाही आणि बसवलं की अट मोडली. ही अट जाहिरातीत अगदी तळाशी, ‘वॉरंटी’च्या मथळ्याखाली होती. सुट्या भागांच्या कोणत्याही जाहिरातीत अशी अट दिसली तर तिथून पुढे वाचायचीही गरज नाही.

आता बॅटरी. लायपोच्या एका सेलचा व्होल्टेज 3.7 धरतात, पूर्ण भरल्यावर 4.2. तीन सेल म्हणजे 11.1 व्होल्ट. 1500 एमएएच म्हणजे दीड अँपिअर-तासाची क्षमता आणि 30 सी म्हणजे त्या आकड्याच्या तीसपट प्रवाह, याचा अर्थ ती 45 अँपिअर देऊ शकते. एवढा प्रवाह वाहायचा तर तारा चांगल्या जाड लागतात. माझ्या हातात आलेल्या बॅटरीच्या तारा हेडफोनच्या वायरपेक्षा जरा जाड, एवढ्याच. वजन केलं तर 70 ग्रॅमही भरेना. या क्षमतेची तीन सेलची बॅटरी शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जड असायला हवी, कारण साठवलेल्या ऊर्जेला वजन लागतंच. प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा मोजता येतो त्या बॅलन्सच्या पांढऱ्या प्लगवर मीटर लावला तेव्हा दोन सेल 3.8 वर आणि तिसरा 3.4 वर. नव्या बॅटरीत एवढा फरक नसतो. चार्जरने किती एमएएच आत घातले हेही तो स्क्रीनवर दाखवतो, ते 800 च्या पुढे गेलेच नाही. थोड्याच वापरात मधला सेल फुगला. फुगलेला लायपो म्हणजे आत वायू तयार झालाय. तशीच चार्ज करत राहिलं तर पेट घेऊ शकते, आणि लायपोची आग सहज विझत नाही. गोळ्या कमी सुटल्या तर फक्त मनस्ताप होतो, हे प्रकरण घर जाळू शकतं. त्या माणसाने जाणूनबुजून असली बॅटरी मुलांच्या हातात दिली, हे मला माफ करता येत नाही.

परताव्यासाठी मी विक्रीच्या साइटकडे दाद मागितली. पैसे फक्त बॅटरीचे परत मिळाले, तेही ती एकदाही वापरायच्या आधी वजनकाट्यावर ठेवून काढलेला फोटो होता म्हणून. बाकीचे भाग ‘वापरलेले’ ठरले. मध्येच विक्रेत्याने आणखी एक चाल केली: तक्रार मागे घ्या, पुढच्या किटवर सवलत देतो, पण पैसे साइटबाहेर पाठवा. बाहेर पाठवलेल्या पैशांसाठी साइट जबाबदार राहत नाही, त्यामुळे असा निरोप आला तर त्याचाच स्क्रीनशॉट पुरावा म्हणून जोडा. माझ्या तक्रारीत तो उपयोगी पडला.

जाहिरातीत ‘वेगाबरोबर ताकदही वाढते’ असंही होतं. तेही खोटं. गोळीची ताकद प्रामुख्याने स्प्रिंग आणि हवेची बंदिस्ती ठरवते. 0.20 ग्रॅमची गोळी सेकंदाला 100 मीटर वेगाने निघाली की ऊर्जा 1 ज्यूल, मग अशा गोळ्या सेकंदाला 14 सुटोत की 25.

कमी पैशात वेग खरंच वाढवायचा असेल तर चारही वस्तू एकदम घेऊ नका. ओळखीच्या खेळाडूने वापरून पाहिलेली, खऱ्या क्षमतेची 11.1 ची बॅटरी आणि सोबत एक साधा मॉसफेट (मोटरचा प्रवाह ट्रिगरऐवजी स्वतःवर घेणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आधी घ्या. मॉसफेट नसेल तर ट्रिगरच्या तांब्याच्या पट्ट्या ठिणग्यांनी जळतात. गिअरबॉक्स उघडलाच आहे तर शिम नीट लावा, 0.1 मिलिमीटरच्या चकत्या किरकोळ किमतीला मिळतात आणि गिअरची घरघर कमी होते. त्यानंतर मोटर. गिअर सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा पिस्टनही चांगलाच हवा. चाचणी घेताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असू द्या, रिकामी गन असली तरी.

आणि हे किट ज्यांच्याकडे आधीच आलंय त्यांनी आजच बॅटरी गनमधून काढा. हाताला जराही फुगलेली लागली तर ती पुन्हा चार्जरला लावू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कनेक्टरला टेप गुंडाळा, वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्राला ‘ही खराब लायपो आहे’ असं आधी सांगूनच द्या.