मायणी-येरळवाडीची (जि. सातारा) सकाळची पक्षीसहल, चार स्टार

फ्लेमिंगो दिसतीलच अशी गॅरंटी हे लोक देत नाहीत, बुकिंगच्या फोनवरच स्पष्ट सांगतात, आणि मला तेच सगळ्यात आवडलं. सकाळची तीन तासांची सहल, माणशी तीनशे रुपये, चहा-पोहे त्यातच. सांगलीहून येणाऱ्यांनी विट्यावरून या, पहाटे निघावं लागतं.

गाईड तिथलाच पोरगा, पण काय माहिती आहे त्याला! फ्लेमिंगो डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो आणि शेवाळ, बारीक जीव गाळून खातो, त्यामुळं त्याला उथळ पाणी आणि चिखल लागतो. म्हणजे तलाव काठोकाठ भरला की आपण खूश होतो पण त्याला उभं राहायला जागाच उरत नाही. आता खटाव-माण दुष्काळी भाग, पाणी येतंय ते यायलाच पाहिजे, विहिरींना पाझर त्याच तलावातनं मिळतो, शेतकऱ्याला कोण नाही म्हणणार? पण आजूबाजूला एवढे तलाव आहेत तर हिवाळ्यात निदान एकाचा काठ उथळ ठेवता येईल की, असं मला तरी मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट ऐकून तर मी सुन्नच झालो. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव धरतच नाहीत! आपल्याकडं तर बहुतेक तलाव असेच बांधलेले, मग पक्षी काय नियम वाचून उतरतात का? नशीब २०२१ मध्ये मायणी पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, वन्यजीव कायद्याचा तेवढा तरी आधार आहे. पण जाहीर झालं म्हणजे गाळ आणि बेशरमाची झुडपं आपोआप निघत नाहीत, त्याला माणसं आणि पैसे लागतात.

आम्हाला पट्टकादंब भरपूर दिसले, हिमालय ओलांडून येणारा पक्षी आपल्या खटावात चरताना बघून आईच्या डोळ्यात पाणी आलं. फ्लेमिंगो लांबवर होते आणि गाईडनं पुढं जाऊच दिलं नाही, एकानं ड्रोन काढला तर सरळ बॅगेत ठेवायला लावला. शाब्बास!

एक स्टार कापला कारण बारा माणसांत दुर्बीण एकच, आणि टॉयलेटची सोय नाही, बायकांचे हाल होतात. बुकिंग करताना बॅच केवढी आहे ते विचारा, मोठी असेल तर दुसरी तारीख मागा, देतात.