गाडी बदलताना नंबर कसा राखायचा: थेट बदली, रिटेन्शन, की सोडून द्यायचा?

आमच्या गाडीच्या पाटीवरची शेवटची तीन अक्षरं आहेत यूएमए. उमा, म्हणजे माझी आई. ब्रिटनमध्ये, लंडनजवळच्या स्लाउला राहायला आलो तेव्हा डीव्हीएलएच्या (म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याच्या) साइटवर हा नंबर ३९९ पौंडांना दिसला आणि घेऊन टाकला. नुसतं ‘आई’ लिहायची फार इच्छा होती, पण २००१ पासूनच्या नंबरांत आय आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. मग नावावर भागवलं.

आता डिझेल गाडी देऊन इलेक्ट्रिक घेतोय. गाडीचं दुःख नाही, नंबर मात्र सोडवत नाही. गेले दोन आठवडे कागद वाचण्यात गेले. ब्रिटनमध्ये तुम्हीही याच वळणावर असाल, तर तुमचे तेवढे दोन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

रस्ते तीन. जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर थेट बदली, नंबर काढून स्वतःकडे ठेवणं म्हणजे रिटेन्शन, किंवा नंबरावर पाणी सोडणं. तिसरा रस्ता बरेच जण ठरवून घेत नाहीत, तो त्यांच्याकडून होऊन जातो.

ओळखीतल्या एका काकांचं असंच झालं. शनिवारी शोरूमला गेले, जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये देऊन नवीच्या किल्ल्या घेऊन आले. लेकाच्या नावाचा नंबर जुन्या गाडीवरच राहिला. सोमवारी आठवण झाली, तोवर गाडी डीलरच्या नावावर चढली होती, आणि नंबर गाडीबरोबर जातो. डीलरने काही गैर केलं नव्हतं. काकांनी आधी नंबर उतरवायला हवा होता, एवढंच. भंगारात दिलेल्या गाडीचंही तसंच. अपघातात गाडी टोटल लॉस झाली तर विमा कंपनीला पहिल्याच फोनवर सांगा की नंबर मला ठेवायचा आहे, आणि क्लेम मिटायच्या आत तो काढून घ्या.

आता खरी तुलना पहिल्या दोन रस्त्यांची.

थेट बदलीसाठी व्ही३१७ हा फॉर्म भरायचा, दोन्ही गाड्यांची लॉगबुकं (म्हणजे नोंदणीचे कागद, आपल्याकडचं आरसी बुक) जोडायची, ८० पौंडांचा चेक लावायचा आणि सगळं पोस्टाने स्वान्सीला, डीव्हीएलएच्या कचेरीत पाठवायचं. एक फॉर्म, एक पाकीट, काम झालं. ऐकायला सरळ. पण यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: दोन्ही गाड्या आणि दोन्ही लॉगबुकं एकाच वेळी तुमच्या हाताशी आहेत. एक्स्चेंजमध्ये असं क्वचितच होतं. नवी गाडी मिळते त्याच दिवशी जुनी जाते, आणि तुमचं पाकीट अजून पोस्टात असतं. घरातल्या घरात, म्हणजे वडिलांच्या गाडीवरून मुलीच्या गाडीवर नंबर न्यायचा असेल आणि कुणालाच घाई नसेल, तर ही पद्धत ठीक आहे.

रिटेन्शनलाही ८० पौंडच लागतात. हे कळल्यावर मला थेट बदलीत फारसा अर्थ दिसेना. लॉगबुकावरचा अकरा आकडी संदर्भ क्रमांक घेऊन ऑनलाइन अर्ज केला की नंबर गाडीवरून निघतो. मग व्ही७७८ नावाचा कागद येतो, की या नंबरावर हक्क तुमचा. हा कागद १० वर्षं चालतो. पुढे नंबर कुठल्याही गाडीवर चढवायचा झाला तर वेगळी फी नाही. कोरी गाडी घेत असाल तर ती रजिस्टर होण्याआधी हा कागद डीलरला द्या, म्हणजे गाडी त्याच नंबरावर बाहेर पडते. मुदत संपायच्या आत नूतनीकरणही फुकट होतं. मुदत चुकली तर मात्र हक्क कायमचा गेला. दहा वर्षांनंतरची तारीख कुणाच्या लक्षात राहते? मी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकली, आणि वर बायकोच्याही.

थोडक्यात, पैसे तेवढेच, पण रिटेन्शनमध्ये वेळ तुमच्या हातात राहतो. नवी गाडी उशिरा आली, रंग बदलला, बेतच रद्द झाला, तरी नंबर सुरक्षित. माझा कौल इथेच.

नंबर उतरवायला गाडीने काही अटी पुरवाव्या लागतात. ती स्वतःच्या इंजिनावर चालायला हवी. तिचा टॅक्स भरलेला हवा, नाहीतर ती रस्त्यावर नाही असं रीतसर कळवलेलं हवं. अंगणात वर्षानुवर्षं गवतात रुतलेली गाडी असेल तर आधी तिची ही कागदपत्रं बघा.

रिटेन्शनच्या ऐवजी एक शक्कल मीही लढवली होती: मधल्या काळात नंबर बायकोच्या छोट्या गाडीवर ठेवू या. जमलं नाही. आमच्या नंबरात ६५ आहे, म्हणजे तो सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळातला. बायकोची गाडी २०१४ ची. इथला नियम असा की नंबरामुळे गाडी आहे त्याहून नवी दिसता कामा नये. जुना नंबर नव्या गाडीवर चालतो, उलटं चालत नाही. ज्यांच्या नंबरात साल कळतच नाही, म्हणजे १९६३ पूर्वीच्या धर्तीचे किंवा उत्तर आयर्लंडचे नंबर, त्यांना ही अडचण नाही. तसले नंबर लोक गाडीचं वय झाकायला मुद्दाम घेतात, हे सांगायला नकोच.

गाडी लीजवर असेल तर गणित बदलतं. लॉगबुकावर नाव लीज कंपनीचं असतं, त्यामुळे नंबर चढवताना आणि उतरवताना दोन्ही वेळा परवानगी तिचीच लागते. गाडी परत करायच्या बरेच आठवडे आधी त्यांना लेखी कळवा. हप्त्यांवरच्या गाडीत लॉगबुकावर बहुधा तुमचंच नाव असतं, पण फायनान्स कंपनीला नंबर बदलल्याचं कळवावं लागतं.

नंबर सोडायचाच असेल तर निदान विकून बघा. डीव्हीएलएकडे नंबर २५० पौंडांपासून मिळतात, तेव्हा कुणाला माहीत नसलेल्या नावाच्या तीन अक्षरांना मोठी किंमत येईल ही आशा नको. २०१४ च्या लिलावात ‘२५ ओ’ हा नंबर ४ लाख पौंडांना गेला, सगळे कर आणि फी धरून ५ लाखांच्या वर. तो फेरारीवाल्यांचा खेळ. यूएमएला गिऱ्हाईक म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी उमाचा मुलगा.

महाराष्ट्रात गंमत आकड्यांची असते, ४१४१ चं ‘दादा’, २१४ चं ‘राम’. इथे गंमत अक्षरांत, म्हणून लोक काळे स्क्रू मारून किंवा अंतर सरकवून नाव जुळवतात. तो मोह नको. १,००० पौंडांपर्यंत दंड होतो आणि गाडी एमओटीत, म्हणजे वर्षाच्या सक्तीच्या तपासणीत, नापास होऊ शकते. पाटी नोंदणीकृत दुकानातूनच करून घ्या, तिथे ओळखपत्र आणि व्ही७७८ किंवा लॉगबुक दाखवावं लागतं.

नंबर उतरला की जुन्या गाडीला बहुतेक वेळा तिचा मूळ नंबर परत मिळतो आणि नवं लॉगबुक घरी येतं. ते हातात पडेपर्यंत गाडी विकायला काढू नका. टॅक्सचा डायरेक्ट डेबिट आपोआप नव्या नंबरावर जातो. विमा जात नाही, तिथे फोन करावाच लागतो, आणि काही कंपन्या त्याचेही पैसे लावतात. मध्य लंडनच्या कन्जेशन झोनमध्ये गाडी नेण्याचा आकार ज्यातून आपोआप कापला जातो, त्या ऑटो पे खात्यातही नंबर स्वतः बदलावा लागतो. तो राहिला आणि तुम्ही त्या झोनमध्ये शिरलात, तर १८० पौंडांची नोटीस दारात. १४ दिवसांत भरली तर ९०. कौन्सिलचं पार्किंग परमिट विसरू नका, ते मी विसरलो होतो.

आमचा नंबर मागच्या मंगळवारी उतरला. जुन्या डिझेलवर तिचा ६६ वाला मूळ नंबर परत आला. शनिवारी टेस्कोच्या पार्किंगमध्ये बायको भाजीची पिशवी घेऊन तिच्यासमोरून सरळ पुढे निघून गेली.