ऑईल प्रेशर टेस्टर किट: जुन्या गाडीचं इंजिन उघडायच्या आधी हे लावून बघाच

गाडी २२ वर्षांची, पेट्रोल, चार सिलिंडर. महिनाभर असं चाललं होतं की गाडी चांगली गरम झाली आणि आयडलला, म्हणजे रेस न देता चालू, उभी राहिली की ऑईलचा लाल दिवा मिणमिणायचा, जराशी रेस दिली की गायब. डिपस्टिकवर लेव्हल बरोबर. मेकॅनिकने दोन मिनिटं आवाज ऐकला आणि सांगून टाकलं की बेअरिंग गेल्यात, इंजिन उतरवावं लागेल. पण त्याने काही मोजलंच नव्हतं ना! ते माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हा किट मागवला.

किटमध्ये ० ते १० बारचं मेकॅनिकल गेज, त्यावर बार आणि पीएसआय दोन्ही आकडे, रबरी होज, ९ अडॅप्टर, तांब्याचे वायसर आणि एक प्लॅस्टिकची पेटी. गेज बरोबर दाखवतं का हे आधी टायरमध्ये हवा भरायच्या कंप्रेसरवर ताडून बघितलं, ५ बारला काटा ४.९ वर, आणि हवा सोडल्यावर नीट शून्यावर आला. या कामाला एवढं पुष्कळ झालं.

हे का लागतं ते सांगतो. डॅशबोर्डवरचा दिवा प्रेशर मोजत नाही, त्याच्यामागे फक्त एक चालू-बंद स्विच असतो जो बऱ्याच गाड्यांत ०.३ ते ०.५ बारच्या खाली प्रेशर गेलं की दिवा लावतो. म्हणजे दिवा विझलेला असताना ०.६ आहे की ३ हे तुम्हाला कळतच नाही, आणि स्विचच बिघडला असेल किंवा त्याची वायर कुठे घासून बॉडीला लागली असेल तर प्रेशर उत्तम असून दिवा लागतो. या गेजमध्ये वायरबियर काही नाही, ऑईलच काटा ढकलतं.

इंजिनवरचा हा स्विच काढला, त्याच्या जागी योग्य अडॅप्टर लावला, होज फॅन बेल्ट आणि गरम मॅनिफोल्डपासून लांब बांधली, चालू करून कुठे गळत नाही ना ते बघितलं. थंड असताना आयडलला ३.८ बार, एकदम छान वाटलं. पण थंड रीडिंगवर अजिबात जाऊ नका, थंड ऑईल घट्ट असतं आणि झिजलेल्या इंजिनलाही चांगला आकडा दाखवतं. पाण्याचा काटा मधे आला म्हणजे ऑईल तापलं असंही नाही, ते मागाहून तापतं, म्हणून २५ मिनिटं चालवून आणलं. आता आयडलला ०.७, ३००० आरपीएमला २.८. मॅन्युअलमध्ये गरम आयडलला किमान १ बार. म्हणजे कमी होतं हे खरं, पण ०.७ ला दिवा लागायला नको होता, तिथेच स्विचवर पण संशय आला.

मग सर्व्हिसचं जुनं बिल शोधलं तर ५डब्ल्यू-३० म्हणजे पातळ ऑईल घातलेलं, आणि या इंजिनला मॅन्युअल सांगतं त्याहून घट्ट २०डब्ल्यू-५०!! पंप ऑईल नुसतं ढकलतो, प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या फटीतून जाताना होणाऱ्या अडथळ्यामुळे, त्यामुळे ऑईल पातळ झालं की फट तीच असून प्रेशर पडतं. ऑईल आणि फिल्टर बदलला, जुना फिल्टर कापून घड्या उलगडून बघितल्या, बेअरिंग झिजल्याची खूण असते ती तांब्याच्या रंगाची चमक कुठेच नाही, तेव्हा खरं हायसं वाटलं. परत मोजलं तर गरम आयडलला १.२, ३००० ला ३.६. स्विच परत बसवला तर दिवा तरी मिणमिणतोच, नवीन स्विच टाकला आणि बंद. इंजिन उतरवायची गरजच नव्हती.

दर वेळी एवढं सोपं निघत नाही. मावसभावाच्या जुन्या डिझेलला हाच किट लावला तर काटा उशिरा चढला, आणि रेस वाढवली तर वर जायच्या ऐवजी खाली यायला लागला, ०.८ पर्यंत. लगेच इंजिन बंद केलं. चेंबर (इंजिनखालची ऑईलची टाकी) खोलल्यावर पंपाची जाळी गाळाने आणि कोणीतरी फासलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यांनी भरलेली. गरम आयडलला कमी आणि रेस दिली की चढतं असं असेल तर पातळ ऑईल किंवा बेअरिंगची झीज बघा. थंड-गरम कुठेच चढत नसेल तर जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघड्या अवस्थेत अडकलाय का बघा, पंपही झिजलेला असू शकतो. आकडे लिहून ठेवले की मेकॅनिकशी बोलणं पण वेगळं होतं.

आता किटच्या तक्रारी. अडॅप्टरवर साइज कोरलेली नाही, आणि हे धोक्याचं आहे कारण १/८ एनपीटीला (अमेरिकन मापाचे आटे) इंचात २७ आटे आणि १/८ बीएसपीला (ब्रिटिश मापाचे) २८, हाताने दोन्ही एक-दोन फेरे जातात आणि पाना लावला की ब्लॉकचे आटे गेलेच. मी जुना स्विच शेजारी धरून आटे जुळवले, आणि प्रत्येकावर मार्करने लिहून ठेवलं. टी जोड दिलेला नाही, तो असता तर स्विच आणि गेज एकाच वेळी लावून स्विच नक्की किती बारला लागतो ते दिसलं असतं. वायसर पातळ आहेत, दुसऱ्यांदा लावल्यावर एक झिरपला. होज आखूड, गेज बॉनेटच्या बाहेर जेमतेम येतं, रेस द्यायला आत एक माणूस बसवावाच लागतो.

५ पैकी ४ देतोय, एक स्टार त्या कोऱ्या अडॅप्टरसाठी कापला. आणि हो, एका वायरचा स्विच परत लावताना टेफलॉन टेप गुंडाळू नका, त्याला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, ते तुटलं तर प्रेशर गेल्यावरही दिवा लागणार नाही.